बांधीतील स्फुरद आणि गावातील शेणखत

भंडारा जिल्ह्याचा परिचय करून देताना दोन गोष्टींचा उल्लेख अटळ ठरतो. एक तलाव आणि दुसरे धान. या दोहोंचे नाते फार जुने आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाच्या कुशल हातांनी जे तलाव आणि बोड्या बांधल्या, त्यांच्या पाण्यावर येथील बांध्या पिढ्यान्‌पिढ्या पिकत आल्या. मालगुजारी पद्धती नष्ट झाल्यावर हे तलाव शासनाच्या ताब्यात आले आणि 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' या नावाने ओळखले जाऊ लागले. पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास म्हणून परिचित असलेल्या धानपट्ट्यातील गाव. अशा गावात बांधीत टाकलेल्या खताचा प्रश्न हा केवळ एका शेतकऱ्याच्या खर्चाचा प्रश्न राहत नाही. बांधीतून उतरणारे पाणी नाल्यात जाते, नाल्याचे बोडीत, बोडीचे तलावात आणि शेवटी वैनगंगेत. म्हणून खत हा विषय जितका शेतकऱ्याचा, तितकाच तो ग्रामपंचायतीचा, शाळेचा आणि शासकीय यंत्रणेचाही आहे.

गेल्या काही वर्षांत खतांविषयीचे नियम, किमती आणि विक्रीची रीत यांत पुष्कळ बदल झाले. त्यांची माहिती शेतकऱ्यांपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी पोचते. दुकानात यंत्रावर अंगठा द्यावा लागतो, थैलीवरचे नाव बदलते, एखाद्या हंगामात हवे ते खत मिळत नाही, हातात एक पत्रिका येते. परंतु या सर्वांमागील सूत्र कोणी उलगडून सांगत नाही. ते सूत्र समजावून घेणे आणि त्यानुसार आसगावसारख्या गावात काय करता येईल याचा विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

नियम बदलले ते कोणते?

आपल्या देशात रासायनिक खतांची गुणवत्ता, विक्री आणि साठा यांचे नियमन जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखाली काढलेल्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वये होते. विक्रेत्याने परवाना घेणे, साठा व दर यांचा फलक लावणे आणि ग्राहकास पक्की पावती देणे या गोष्टी त्यात बंधनकारक आहेत. सेंद्रिय खते आणि जिवाणू खते यांचे मानदंडही कालांतराने याच आदेशात समाविष्ट झाले.

दुसरा मोठा बदल १ एप्रिल २०१० रोजी झाला. त्या दिवसापासून स्फुरद आणि पालाशयुक्त खतांना अन्नद्रव्याच्या प्रमाणावर आधारलेले अनुदान लागू झाले. युरिया मात्र या पद्धतीबाहेर राहिला आणि त्याची किंमत शासनाने ठरविलेली राहिली. परिणाम असा झाला की स्फुरद व पालाश महागले, युरिया स्वस्त राहिला आणि शेतकऱ्याचा हात साहजिकच युरियाकडे अधिक वळला. ४५ किलोच्या युरियाच्या थैलीची किंमत २६६ रुपये ५० पैसे, तर ५० किलोच्या डाय अमोनियम फॉस्फेट म्हणजेच डीएपीच्या थैलीची किंमत २०२२ पासून १,३५० रुपयांच्या पातळीवर ठेवण्यात आली. ही किंमतही जागतिक बाजाराच्या मानाने अनुदानामुळेच खाली राहू शकली. मे २०२१ मध्ये केंद्र शासनास डीएपीवरील अनुदान थैलीमागे ५०० रुपयांवरून १,२०० रुपये करावे लागले, यावरून त्या भाराची कल्पना येईल.

तिसरा बदल म्हणजे जमीन आरोग्य पत्रिका. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानातील सुरतगड येथे या योजनेचा प्रारंभ झाला. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन अशा एकूण १२ घटकांची नोंद असते. त्यानंतर २०१८ पर्यंत देशभर विक्री यंत्राद्वारे, खरेदीदाराची ओळख पटवून खत देण्याची पद्धत सुरू झाली. ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानित खतांच्या थैल्यांवर 'भारत' हे एकच नाव आले. जून २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-प्रणाम योजनेत रासायनिक खतांचा वापर कमी करणाऱ्या राज्यांना, वाचलेल्या अनुदानाच्या निम्मी रक्कम देण्याची तरतूद झाली. त्याच वेळी गोबर व सेंद्रिय कचऱ्यापासून वायू तयार करणाऱ्या प्रकल्पांतील खतास टनामागे १,५०० रुपयांचे विपणन साहाय्यही मंजूर झाले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घ्यावयास हवी. आपल्याकडे कोणत्याही शेतकऱ्याने एकरी किती स्फुरद टाकावे याची सक्ती करणारा कायदा नाही. इतर देशांत तसे कायदे आहेत. नेदरलँड्समध्ये गोठ्यांतील खताचा अतिरेक झाल्यामुळे १९८७ पासून शेणखताच्या वापरावर कायद्याने मर्यादा आली. युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये नत्रप्रदूषणाविरुद्ध निर्देश काढला. अमेरिकेत ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातील विषारी शेवाळामुळे टोलेडो परिसरातील सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. त्यानंतर २०१५ मध्ये ओहायो राज्याने गोठलेल्या किंवा पाण्याने संपृक्त झालेल्या जमिनीवर खत पसरण्यास त्या पाणलोटात निर्बंध घातले. आपल्याकडील बदल किंमत, विक्री आणि पत्रिका यांच्या मार्गाने येत आहे. तो दंडाच्या भयाने नव्हे, तर समजुतीने यावा अशी अपेक्षा आहे. म्हणूनच समजावून देणाऱ्यांची जबाबदारी मोठी ठरते.

स्फुरदाचा स्वभाव

नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन प्रमुख अन्नद्रव्ये सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. नत्र चंचल आहे. ते हवेत उडून जाते, पाण्याबरोबर झिरपते. स्फुरद स्थिर आहे. ते हवेत उडत नाही आणि जमिनीत खोलवर सहजासहजी झिरपत नाही. दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकास साधारणतः १५ ते २५ टक्के भाग मिळतो. उरलेला भाग जमिनीतील लोह, ॲल्युमिनियम किंवा चुना यांच्याशी बांधला जातो. तो नष्ट होत नाही. बँकेतील मुदत ठेवीप्रमाणे पडून राहतो आणि पुढील पिकांना थोडाथोडा मिळत जातो. मात्र ही ठेव मातीच्या कणांना चिकटलेली असल्यामुळे पाऊस माती वाहून नेतो तेव्हा ठेवही वाहून जाते.

दुसरे वैशिष्ट्य असे की स्फुरद कारखान्यात हवेतून तयार करता येत नाही. नत्र हवेतून घेता येते. स्फुरदासाठी खनिज दगडच हवा. जगातील या दगडाचा सर्वांत मोठा साठा मोरोक्कोच्या बाजूस आहे. आपल्याकडे राजस्थानातील उदयपूरजवळ झामरकोटडा येथे खाण आहे, पण देशाची गरज तेवढ्याने भागत नाही आणि खत किंवा त्याचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर आयात करावा लागतो. म्हणजे आसगावच्या बांधीत पडणारा डीएपीचा दाणा बहुधा समुद्र ओलांडून आलेला असतो, किंवा त्याचा कच्चा माल तरी. तो नाल्यात वाहून जाऊ देणे म्हणजे दुहेरी नुकसान होय.

धानाच्या बांधीचे वेगळेपण

धानाची बांधी ही कोरडवाहू शेतासारखी नसते. चिखलणी करून पाणी साचविल्यावर जमिनीतील प्राणवायू संपत जातो. अशा स्थितीत लोहाशी बांधलेले स्फुरद मोकळे होऊ लागते. त्यामुळे पाणी भरलेल्या बांधीत धानाला जमिनीतील जुने स्फुरद अधिक सुलभतेने मिळते. पाणी ओसरून जमीन पुन्हा कोरडी झाली की तेच स्फुरद पुन्हा बांधले जाते आणि रब्बीतील गहू, हरभरा किंवा लाखोळी यांना त्याची चणचण भासते.

यावरून व्यवहारात उपयोगी पडणारा एक नियम निघतो. ज्या बांधीत खरीप धान आणि त्यामागून रब्बीचे पीक घेतले जाते, तेथे स्फुरदाची बचत करावयाची झाल्यास ती धानाच्या वाट्यातून करावी, रब्बी पिकाच्या नव्हे. अनेक शेतकरी नेमके उलट करतात. धानाला भरपूर देतात आणि रब्बीला काहीच देत नाहीत.

अतिरिक्त स्फुरदाचा आणखी एक तोटा आहे. जमिनीत स्फुरद फार वाढले तर पिकाला जस्त मिळण्यास अडथळा येतो. धानाची पाने तांबूस पडून वाढ खुंटते. हा जस्ताच्या कमतरतेचा खैरा रोग होय. तो रोग समजून आणखी डीएपी टाकणे म्हणजे दुखण्यात भर घालणे. झिंक सल्फेट व स्फुरदयुक्त खत एकत्र मिसळून टाकू नये, हेही याच कारणासाठी.

एका एकराचा हिशेब

शिफारशी हेक्टरी असतात आणि शेतकरी एकरात बोलतो. म्हणून हिशेब एकरात मांडू. पूर्व विदर्भात रोवणीच्या धानासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही सर्वसाधारण शिफारस आहे. एकरी ती ४०, २० व २० किलो होते.

आता खर्चाची बाजू पाहू. एक टन धान पिकविण्यास जमिनीतून सुमारे ६ किलो स्फुरद उचलले जाते आणि त्यातील बहुतांश दाण्यात जाते. एकरी १६ क्विंटल उत्पन्न धरल्यास सुमारे १० किलो स्फुरद शेतातून उचलले गेले. जमेच्या बाजूस खताचे २० किलो. शिवाय चार बंड्या, म्हणजे सुमारे २ टन शेणखत टाकले असेल तर त्यातून साधारण ४ किलो. एकूण जमा २४ किलो, खर्च १० किलो. उरलेले १४ किलो जमिनीत साचले.

जमीन मुळात स्फुरदाने गरीब असेल तर ही शिल्लक आवश्यकच आहे. ठेव वाढल्याशिवाय जमीन सुधारणार नाही. परंतु ज्या जमिनीत वर्षानुवर्षे अशी शिल्लक पडत आली आहे, तेथे आणखी भर घालण्यात लाभ नाही. जमीन तपासणीत स्फुरद कमी निघाल्यास शिफारशीत चतुर्थांश वाढ करावी आणि जास्त निघाल्यास चतुर्थांश घट करावी, ही प्रचलित रीत आहे. जास्त स्फुरदाच्या जमिनीत २० ऐवजी १५ किलो दिले तरी पिकाने उचललेल्या १० किलोंपेक्षा ते अधिकच आहे. म्हणजे घट केल्याने उत्पन्न बुडेल ही भीती निराधार ठरते. ५ किलो स्फुरद म्हणजे सुमारे ११ किलो डीएपी. त्यातून कमी झालेले नत्र भरून काढण्यास लागणारा चार-साडेचार किलो युरिया वजा केला तरी एकरी पावणेतीनशे रुपयांच्या घरात बचत होते. पाच एकरांच्या शेतकऱ्यास ही रक्कम क्षुल्लक नाही.

एकाच शेतकऱ्याच्या दोन तुकड्यांतही मोठी तफावत असू शकते. गावालगतच्या गावखारीत गावाचे शेण, राख आणि सांडपाणी पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेले असते. दूरच्या बर्डीत शेणखताची बंडी क्वचितच पोचते. मोरंड, कन्हार, सिहार, खर्डी, बर्डी ही जमिनीची नावे आपल्या पूर्वजांनी उगीच दिलेली नाहीत. प्रत्येकीचा कस निराळा, तशी मात्राही निराळी असली पाहिजे. सर्व बांध्यांना एकच थैली हा न्याय सोयीचा असला तरी शेतीच्या दृष्टीने तो अन्याय आहे.

डीएपी मिळाले नाही तर

हंगामाच्या ऐन तोंडावर डीएपीचा तुटवडा पडल्याचे अनुभव अलीकडच्या वर्षांत वारंवार आले आहेत. अशा वेळी रांगा लागतात, रोवणी खोळंबते आणि नको असलेली अन्य वस्तूही गळ्यात पडण्याचा संभव असतो. स्फुरद हे डीएपीतूनच मिळते, या समजुतीमुळे अडचण अधिक वाढते.

डीएपीच्या ५० किलोंच्या एका थैलीत २३ किलो स्फुरद व ९ किलो नत्र असते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन थैल्यांत २४ किलो स्फुरद मिळते. त्यांच्यासोबत २० किलो युरिया घेतल्यास ९ किलो नत्राची भरपाई होते. शिवाय सुपर फॉस्फेटमधून सुमारे १६ किलो गंधक मिळते, जे डीएपीत नाही. जेथे पुढे जवस, मोहरी यांसारखी तेलबियांची किंवा हरभऱ्यासारखी डाळींची पिके घ्यावयाची आहेत, तेथे हे गंधक मोलाचे ठरते. थैल्या तीन वाहाव्या लागतात, ही अडचण खरी. पण हंगाम चुकविण्यापेक्षा ती पत्करणे शहाणपणाचे आहे. रोपांची मुळे स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात बुडवून रोवणी केल्यास जमिनीतील बांधलेली ठेव काही अंशी मोकळी होण्यास मदत होते.

स्फुरद वरून फेकण्यापेक्षा ते शेवटच्या चिखलणीच्या वेळी मातीत मिसळणे केव्हाही श्रेयस्कर. कृषिशास्त्रज्ञ डॉ. ना. कृ. सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री धान पद्धतीत हेच तत्त्व आणखी पुढे नेले आहे. धानाच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे, १५ व २५ सेंटिमीटर अंतराची नियंत्रित रोवणी आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेटी खोचणे, ही ती चार सूत्रे. चार चुडांच्या चौकोनात २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. हेक्टरी ६२,५०० ब्रिकेटी, म्हणजे सुमारे १७० किलो खत लागते. त्यातून हेक्टरी सुमारे २९ किलो, अर्थात एकरी १२ किलोच्या आसपास स्फुरद मिळते. वरील हिशेबातील पिकाची उचल आणि ही मात्रा जवळजवळ जुळतात, हे लक्षणीय आहे. खत चिखलाच्या पोटात असल्याने पाण्याबरोबर वाहून जाण्याचा धोकाही फार कमी राहतो. या पद्धतीत मजुरी अधिक लागते. म्हणून प्रथम एका बांधीत अनुभव घ्यावा आणि मग क्षेत्र वाढवावे.

शेणखताची राखण

शेणखताची महती सर्व सांगतात. त्याची राखण मात्र फार थोडे करतात. चांगल्या शेणखतात साधारण ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि ०.५ टक्के पालाश असते. जनावरांच्या मूत्रात नत्र आणि पालाश भरपूर असते; स्फुरद मात्र जवळजवळ सर्व शेणातच असते. त्यामुळे शेणातील स्फुरदाचे नुकसान हवेमुळे होत नाही. ते पाण्यामुळे होते. रस्त्याकडेला उघड्यावर रचलेल्या उकिरड्यावर मृगाचा पाऊस कोसळतो तेव्हा त्यातून निघणारे काळे पाणी म्हणजे वर्षभराच्या कष्टाचा अर्क असतो. तो नालीत जातो, नालीतून बोडीत जातो. त्याच सुमारास तोच शेतकरी दुकानातून स्फुरदाची थैली आणतो.

हे टाळण्यास फार मोठा खर्च नाही. खताचा खड्डा उंचवट्यावर असावा, सभोवती मातीची दांडी घालून बाहेरचे पाणी अडवावे, वर तणसाचे किंवा पळसाच्या पानांचे छप्पर करावे आणि खड्डा भरल्यावर मातीने लिंपावा. गोठ्यातील मूत्र शोषून घेण्यास धानाचे खराब तणस अंथरावे. खत शेतात नेल्यावर त्याचे लहान लहान ढीग चैत्र-वैशाखाच्या उन्हात महिना-दीड महिना पडू देण्याची पद्धत सोडून, पसरताच ते मातीआड करावे.

कंपोस्टाच्या पद्धतीही नव्या नाहीत. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसविलेली पद्धत शंभर वर्षांच्या घरात पोचली. आपल्याच विदर्भातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे सर्वांचे 'नाडेप काका', यांनी दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा जाळीदार भिंतीच्या टाक्याची पद्धत देशाला दिली. थोडे शेण, भरपूर काडीकचरा आणि गाळलेली माती यांपासून तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत तयार होते. जनावरे कमी होत चाललेल्या घरांना ही पद्धत विशेष सोयीची आहे. गोबर गॅस असलेल्या घरी शेण जाळावे न लागता इंधनही मिळते आणि स्लरीतून स्फुरदही शेताला परत जाते. गोवरी जाळल्यास राखेत स्फुरद उरते खरे, पण नत्र आणि सेंद्रिय पदार्थ धुरात जातात.

सेंद्रिय खत कितीही टाकले तरी चालते, असाही एक समज आहे. तोही तपासून घ्यावा. कोंबडीखतात स्फुरदाचे प्रमाण शेणखताच्या कित्येक पटींनी अधिक असते. भाजीपाल्याच्या वाडीत दरवर्षी कोंबडीखत व वरून डीएपी, असे चालू राहिल्यास स्फुरदाची ठेव लवकरच गरजेबाहेर जाते. खत सेंद्रिय असो वा रासायनिक, हिशेबाच्या वहीत त्याचे स्फुरद एकाच रकान्यात मांडावयाचे असते.

तलावाचे देणेघेणे

स्फुरद हे तलावातील शेवाळाचेही अन्न आहे. जमिनीत किलोंनी मोजले जाणारे स्फुरद पाण्यात मिलिग्रॅमच्या काही शतांशांनी मोजतात. लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास स्फुरद झाले की साचलेल्या पाण्यात शेवाळाची वाढ जोर धरू लागते. डीएपीच्या एका थैलीत मूलद्रव्याच्या रूपाने सुमारे १० किलो स्फुरद असते. तेवढे सगळे तलावात गेले, तर सुमारे ३ लाख ३० हजार घनमीटर पाण्याला, म्हणजे दोन मीटर खोलीच्या साडेसोळा हेक्टर तलावाला, ते या पातळीवर नेऊ शकते. अख्खी थैली अर्थात कधी वाहून जात नाही. पण अनेक बांध्यांतून थोडेथोडे जाते. शेवाळ वाढते, कुजते, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि पहाटेच्या वेळी मासळी तडफडून वर येते. तलावाच्या मासळीवर ज्या ढिवर कुटुंबांचे पोट आहे, त्यांचे त्या दिवशी होणारे नुकसान कोणत्याही पत्रिकेत नोंदले जात नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की पाण्याच्या या दुखण्यास केवळ शेतकरी कारण नाही. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत उतरते आणि गोसीखुर्दच्या जलाशयातील जलपर्णीचा प्रश्न त्यातून तीव्र झाला, हे पवनी तालुक्यास ठाऊक आहे. शहरांनी आपला भार उचललाच पाहिजे. परंतु आपल्या गावच्या बोडीत आणि मामा तलावात जे उतरते, ते आपल्याच बांध्या, उकिरडे आणि नाल्या यांतून उतरते. त्याचा बंदोबस्त गावाच्या हाती आहे. खत दिल्यावर काही दिवस बांधीचे पाणी धुऱ्याबाहेर सोडू नये. मुसळधार पावसाची चिन्हे असताना खत फेकू नये. धुरे दुरुस्त ठेवावेत आणि त्यांवर गिरिपुष्प लावावे. एवढ्या गोष्टींनी पुष्कळ स्फुरद बांधीतच राहील.

जे स्फुरद पूर्वीच तलावात गेले, ते परत आणण्याचाही मार्ग आहे. तो म्हणजे गाळ. उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढून शेतात टाकण्याची रीत जुनी आहे. राज्य शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेद्वारे तिला चालना दिली. बर्डी आणि खर्डीसारख्या हलक्या जमिनींना हा गाळ विशेष लाभतो. गाळ टाकलेल्या शेताची माती पुढील हंगामापूर्वी पुन्हा तपासावी, म्हणजे खताची मात्रा त्याप्रमाणे कमी करता येते.

पत्रिका वाचावी कशी?

जमीन आरोग्य पत्रिका घराच्या पत्र्याखाली खोचून ठेवण्यासाठी नाही. तिचा उपयोग नमुना योग्य असेल तरच होतो. योजनेत बागायतीत अडीच हेक्टरांच्या आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना घेण्याची रीत ठेवण्यात आली. म्हणजे पत्रिकेवर नाव शेतकऱ्याचे असले तरी माती शेजाऱ्याच्या बांधीची असू शकते. ज्या शेतकऱ्यास शंका वाटेल त्याने स्वतःच्या बांधीचा नमुना वेगळा तपासून घ्यावा.

पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी, बांधीतील आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्यावी. धुरा, झाडाखालची जागा, खताच्या ढिगाची जागा टाळावी. सर्व माती एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत आणि असे करीत अर्धा किलो माती उरवावी. ती सावलीत वाळवून कापडी पिशवीत पाठवावी. खताच्या रिकाम्या थैलीवर माती पसरू नये. तेवढ्याने अहवाल खोटा ठरतो.

पत्रिकेतील आकडा वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. खताच्या थैलीवरील टक्केवारी स्फुरदाच्या ऑक्साइड रूपाची असते. प्रयोगशाळेचा आकडा काही वेळा मूलद्रव्याचा असतो. मूलद्रव्याच्या आकड्यास २.२९ ने गुणले की थैलीवरचे माप मिळते. ही साधी गोष्ट न कळल्याने हिशेब दुपटीहून अधिक चुकतो.

कोणी काय करावे?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या ग्रामसूचीत खताच्या साधनांचे जतन, कंपोस्ट तयार करणे आणि खताची विक्री हे विषय पंचायतीकडे सोपविलेले आहेत. पंचायत सदस्यांनी हा अधिकार वापरावा. पावसाळ्यापूर्वी गावातील उकिरड्यांची फेरी काढावी; नाल्यांना लागून असलेले उकिरडे हलविण्यास जागा द्यावी. केवळ नोटीस देऊन भागणार नाही, कारण ज्याच्याकडे अंगणाएवढीही मोकळी जागा नाही तो उकिरडा कोठे नेणार? मृगाआधीच्या ग्रामसभेत गावाच्या पत्रिकांचा गोषवारा वाचून दाखवावा. कोणत्या शिवारात स्फुरद कमी, कोणत्या जास्त, हे रंगाने दाखविणारा एक नकाशा चावडीच्या भिंतीवर लावला तर शंभर पत्रिकांचे काम तो एकटा करील.

शिक्षकांना हा विषय गणित, विज्ञान आणि परिसर अभ्यास यांचा एकत्रित पाठ म्हणून घेता येईल. वर मांडलेला एकराचा हिशेब सातवी-आठवीतील विद्यार्थी सहज सोडवू शकतो. त्याने तो स्वतःच्या घरच्या शेतासाठी मांडावा आणि वडिलांना दाखवावा. घरच्या मुलाने मांडलेला हिशेब घरात ऐकला जातो, असा सर्वत्रचा अनुभव आहे.

अधिकाऱ्यांनी लक्ष्यांकाइतक्या पत्रिका वाटल्या म्हणजे कर्तव्य संपले असे मानू नये. पत्रिका हाती देताना शेतकऱ्यास त्याच्या भाषेत एवढेच सांगावे : या बांधीला किती थैल्या, कोणत्या खताच्या आणि केव्हा. रोवणीपूर्वी तालुक्यातील दुकानांत सुपर फॉस्फेटचा साठा राहील, याची काळजी घ्यावी. कारण पर्यायी खताचा उपदेश करावयाचा आणि दुकानात ते नसावयाचे, यासारखी विश्वासाची हानी दुसरी नाही. प्रत्येक शिवारात एका बांधीत नेहमीची मात्रा आणि शेजारच्या बांधीत तपासणीनुसार मात्रा देऊन, कापणीच्या दिवशी दोन्हींचे धान सर्वांसमक्ष मोजावे. शंभर व्याख्यानांपेक्षा एका काट्याची साक्ष शेतकऱ्यास अधिक पटते. धानाची पेंढी समोर मोजली गेली आणि थैली कमी करूनही वजन घटले नाही, हे डोळ्यांनी दिसले की नियम समजावून सांगण्याची गरजच उरणार नाही.

ज्यांनी तलाव बांधले त्यांनी पाण्याचा थेंब वाया जाऊ न देण्याची रीत या जिल्ह्याला शिकविली. तीच रीत आता खताच्या दाण्याला आणि शेणाच्या पाटीला लावावयाची आहे. आसगावच्या बांधीतले स्फुरद आसगावच्या बांधीत राहिले, तर शेतकऱ्याची गाठ सुटणार नाही, धान उणे होणार नाही आणि तलावाचे पाणीही निर्मळ राहील. येत्या रोवणीपूर्वी निदान एका बांधीची माती तपासून आणि एक खड्डा झाकून या कामास आरंभ करता येण्यासारखा आहे.